दरमहा पैसे न भरता टीव्ही: सातारा-सांगलीत डीडी फ्री डिश स्वतः बसवण्यासाठी

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि वायर एकदा विकत घेतली की खर्च संपला. रिचार्ज नाही, नोंदणी नाही, वर्षाचं नूतनीकरणही नाही. कोणी दारात येऊन किंवा फोनवरून 'फ्री डिश चालू ठेवायला पैसे भरा' म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

घेण्याआधी काय दिसेल ते समजून घ्या. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यात आपली सह्याद्री, बातम्या, डीडी स्पोर्ट्स, आकाशवाणीची केंद्रं आणि काही खासगी मराठी-हिंदी वाहिन्या दिसतात. स्वयंप्रभाच्या अभ्यासाच्या वाहिन्याही याच उपग्रहावरून येतात, तेव्हा घरात शिकणारी मुलं असतील तर त्यांचा उपयोग होतो. खासगी वाहिन्यांना प्रसार भारती लिलावाने जागा देते आणि मुख्य वाटप १ एप्रिलपासून वर्षभरासाठी असतं. म्हणून एखादी खासगी मालिका बघण्यासाठीच छत्री घेत असाल तर थांबा, ती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

काय काय विकत घ्यायचं

आधी टीव्हीची मागची बाजू बघा. अलीकडच्या काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो आणि मागे 'एलएनबी इन' किंवा 'सॅटेलाइट' असं लिहिलेलं आट्याचं सॉकेट असतं. तसं असेल तर बॉक्स घ्यायचं कारण नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीत लागते.

बॉक्स घ्यायचाच असेल तर एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ चालणाराच घ्या. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्त मिळतो, पण एमपेग-४ मध्ये येणाऱ्या वाहिन्या त्यावर दिसत नाहीत. घरात पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही असेल तर बॉक्सला एचडीएमआयबरोबर एव्हीचं तोंडही आहे ना, हे दुकानातच बघून घ्या.

छत्रीचं माप तुम्ही कुठे राहता यावर ठरवा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत ६० सेंटिमीटरची पुरते. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांतही ६० वर काम होतं, पण ७५ ची मिळाली तर पावसाळ्यात फरक जाणवतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणचा कोयनेकडचा भाग, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे मात्र ७५ च्या खाली जाऊच नका, ९० ची असेल तर उत्तम. मुसळधार पावसाचं पाणी केयू बँडच्या, म्हणजे छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या, लहरी शोषून घेतं. छत्री मोठी असली की सिग्नलची मुळातली क्वालिटी जास्त असते, त्यामुळे पावसात ती घसरली तरी चित्र टिकतं. छत्री घेताना पत्र्याची जाडी बघा आणि कडा हाताने हलकेच दाबून पाहा. पोचा आलेली छत्री कितीही नीट फिरवली तरी पूर्ण सिग्नल देत नाही.

एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसणारा, लहरी पकडणारा छोटा डबा. ती घेताना त्यावरचे आकडे वाचा. '९७५०/१०६००' असं लिहिलेली युनिव्हर्सल एलएनबी हवी. आकाशातून आलेल्या लहरींच्या आकड्यातून एलएनबी आपला आकडा वजा करते आणि उरलेला आकडा वायरमधून बॉक्सकडे पाठवते. बॉक्सला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढंच समजतं. फ्री डिशची एक लहर ११०९० वर आहे. त्यातून ९७५० वजा केले की १३४० उरतात, म्हणजे काम झालं. नुसता १०६०० चा आकडा असलेली एलएनबी लावली तर उरतात ४९० आणि बॉक्सपर्यंत काहीच पोचत नाही. कपाटात पडलेली जुनी एलएनबी लावून दिवसभर छत्री फिरवत बसणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

वायर आरजी-६, ७५ ओहमची, बाहेरच्या उन्हाला टिकणारी घ्या. केबलवाल्याची उरलेली बारीक वायर वापरू नका. छत्रीपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने दोरी धरून लांबी मोजा आणि त्यात दोन मीटर वाढवा. २५ ते ३० मीटरपर्यंत काळजी नाही. वायर अखंड असावी, मध्ये जोड नको.

बाकी सामान किरकोळ आहे. एफ कनेक्टर ४ (दोन लागतात, दोन बिघडले तर जवळ असावेत), १० मिलिमीटरचे अँकर फास्टनर ४, वायरच्या क्लिपा, रबरी सीलिंग टेप, १० ते १३ नंबरचे पाने, पाणसळ किंवा ओळंबा. ६० सेंटिमीटरचा सगळा संच साधारण दीड ते दोन हजारांत बसतो. दोन दुकानांत भाव विचारा आणि बॉक्सची वॉरंटी पावतीवर लिहून घ्या.

जागा

उपग्रहाचं नाव जीसॅट-१५. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. साताऱ्यातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून साधारण साडेएकोणसाठ अंश उंचीवर येतो. सांगलीतून हेच आकडे १३० आणि साडेसाठ. दोन्ही जिल्ह्यांत कुठेही असाल तरी '१३० आणि ६०' धरून सुरुवात करा. १३० म्हणजे आग्नेय कोपऱ्याच्या किंचित पूर्वेला.

फोनमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडाजवळ ते चुकतं. पाइप, टाकीचा स्टँड, गच्चीवरच्या उघड्या सळया यांच्यापासून आठ-दहा फूट लांब उभं राहून दिशा बघा, त्या दिशेला लांबवरची एखादी खूण धरा आणि मग छत्रीजवळ येऊन त्या खुणेकडे तोंड करा.

६० अंश ही चांगलीच उंची आहे. त्यामुळे लांबचे डोंगर आड येत नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उत्तरेकडे घर असलं तरी सिग्नल डोंगरावरून मोकळा येतो. आड येतं ते जवळचंच काहीतरी: नारळ, आंबा, शेजारची पाण्याची टाकी, जिन्याची खोली. हिशोब असा ठेवा की समोरची वस्तू छत्रीपासून जितकी लांब, त्याच्या दीडपटीपेक्षा ती छत्रीहून उंच नसावी. दहा फुटांवरचं झाड छत्रीच्या वर पंधरा फुटांपर्यंत चालेल. झाड वाढतं हेही ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात पानं गळलेल्या झाडामागे बसवलेली छत्री पाऊस लागला की मुकी होते.

खांब आणि पकड

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्या. खांब ओळंब्यात नसेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते आणि उपग्रह सापडत नाही. पाणसळ खांबाला दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावून बघा.

स्लॅबच्या घरात फास्टनर स्लॅबमध्ये मारू नका, तिथून पाणी झिरपायला लागतं. कठड्याच्या किंवा भिंतीच्या उभ्या बाजूला बसवा. विटांचा कठडा असेल तर भोक विटेच्या मधोमध घ्या. सांध्यातल्या मसाल्यात घेतलेलं भोक पहिल्या वाऱ्यातच सैल होतं. विटा पोचट निघाल्या तर कठडा सोडा, सिमेंटच्या ठोकळ्यात खांब उभा करून तो ठोकळा गच्चीवर ठेवा.

पत्र्याच्या घरात पत्र्यावर किंवा कैच्यांवर छत्री बसवू नये. पत्रा उन्हात पसरतो, वाऱ्यात थरथरतो आणि छत्री हलत राहते. घराच्या भिंतीला ब्रॅकेट लावा, नाहीतर अंगणात दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन जीआय पाइप काँक्रीटमध्ये पक्का करा. पाइपची जाडी छत्रीच्या क्लॅम्पला घट्ट बसेल अशीच घ्या. काँक्रीट किमान दोन-तीन दिवस सुकू द्या, मगच छत्री चढवा.

चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव अशा पवनचक्क्यांच्या पठारांवर वारा सतत जोराचा असतो. तिथे पाइप उंच ठेवायची हौस नको. छत्री जेवढी खाली, तेवढी टिकते, आणि ६० अंशांमुळे उंचीची गरजही नसते.

वर वीज कंपनीची तार जात असेल तर ती जागा सोडून द्या. हातातला पाइप निसटून तारेला लागला तर जीव जातो.

वायरचं टोक

बाहेरचं काळं आवरण १२ मिलिमीटर सोला. आतली जाळी मागे दुमडा. पांढरा भाग ८ मिलिमीटर सोला म्हणजे मधली तार उघडी होईल. कनेक्टर आत दाबा किंवा फिरवत बसवा, पांढरा भाग कनेक्टरच्या आतल्या तळाशी लागेपर्यंत. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटर यावी. लांब झाली तर सॉकेट बिघडवते, आखूड राहिली तर टेकत नाही.

जाळीचा एकसुद्धा केसाएवढा धागा मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर शॉर्ट होतं, बॉक्सवर तसा संदेश येतो किंवा बॉक्स बंदच पडतो. टोक उजेडात धरून बघा. आणि बॉक्सचा प्लग काढूनच वायर लावा-काढा, कारण या वायरीतून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज जाते.

बॉक्सची मांडणी

छत्री जोडा, एलएनबी दांड्यावर लावा, वायर जोडा, मग बॉक्स चालू करा. मेनूमध्ये 'इन्स्टॉलेशन' किंवा 'अँटेना' उघडा. उपग्रह जीसॅट-१५ निवडा. काही बॉक्सवर अजून जुनं इन्सॅट-४बी हे नाव दिसतं. तो उपग्रह याच ९३.५ अंशांवर होता, तेव्हा ते निवडलं तरी जागा तीच. एलएनबी 'युनिव्हर्सल ९७५०/१०६००', एलएनबी पॉवर चालू, २२ किलोहर्ट्झ 'ऑटो', डायसेक बंद. टीपी (ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहाची लहर) म्हणून ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० ठेवा. यादीत नसेल तर हाताने भरा.

आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. 'स्ट्रेंग्थ'वर विसंबू नका, एलएनबीला वीज मिळाली की ती आकाशाकडे नुसतं बघूनही चढते. खरी पट्टी 'क्वालिटी'ची. उपग्रह सापडेपर्यंत ती शून्यावर किंवा तिच्या आसपास असते.

छत्री लावणं

दोन माणसं लागतात. एक छत्रीजवळ, दुसरा टीव्हीसमोर, फोनवर व्हिडिओ कॉल लावून. शक्य असेल तर छोटा टीव्हीच गच्चीवर आणा, ते सगळ्यात सोपं.

ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा असतील तर ६० वर लावा. खुणा नसतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आपली छत्री ऑफसेट आहे, म्हणजे एलएनबी तिच्या मध्यावर नसून खाली असते. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. ६० अंशांवरचा उपग्रह धरायला तिचं तोंड डोळ्यांना साधारण ३५ ते ३८ अंशच वर झुकलेलं दिसेल. 'एवढी खाली कशी?' म्हणून ती आणखी वर करायला जाऊ नका.

एलएनबी थोडी फिरवावी लागते. उपग्रह आपल्या रेखांशाच्या जवळजवळ १९ अंश पूर्वेला असल्याने त्याची उभी लहर आपल्याकडे तिरकी होऊन येते. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड करा. एलएनबीचं वायर लावायचं तोंड घड्याळात साडेचार वाजता तासकाटा असतो त्या दिशेला ठेवून सुरुवात करा. सरळ खाली ठेवलं तर उभी आणि आडवी लहर एकमेकींत मिसळते आणि क्वालिटी अर्ध्यावर अडकते. नेमका कोन शेवटी क्वालिटीच ठरवेल.

खांबाचा क्लॅम्प इतपतच आवळा की छत्री हाताने फिरेल पण आपण सोडली की राहील. १३० च्या खुणेपासून पंधरा अंश डावीकडे न्या आणि तिथून उजवीकडे हळूहळू आणा. एका वेळी बोटभर सरकवा, मग तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सची पट्टी उशिरा हलते. तीस अंश पार झाले आणि काही मिळालं नाही तर उंची दोन अंशांनी बदला आणि परत डावीकडून सुरू करा. आधी दोन अंश वर, मग दोन अंश खाली, असं आलटून पालटून.

क्वालिटी उसळली की हात काढून घ्या. तिथून डावीकडे सरकवत ती पडते ती जागा पेन्सिलने खांबावर खुणावा, उजवीकडेही तसंच. छत्री दोन खुणांच्या मधोमध आणा. उंचीलाही हेच करा. मग एलएनबी पाच-पाच अंश दोन्हीकडे फिरवून बघा, दांड्यावर एखाद-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करून बघा. नट एकदम एकाच बाजूने आवळू नका. आलटून पालटून पाव-पाव फेरा द्या आणि प्रत्येक फेऱ्याला क्वालिटी विचारा. शेवटचा नट आवळताना हातातून उपग्रह निसटणं नवख्यांच्या बाबतीत फार होतं.

घरावर आधीच दुसऱ्या कंपनीची छत्री असेल तर ती चालते. डिश टीव्हीची छत्री ९५ अंशांवर असते, ती मागे उभं राहून उजवीकडे साधारण सव्वादोन अंश आणि वर सव्वा अंश न्यायची. टाटा प्लेची ८३ अंशांवर असते, ती डावीकडे २२ अंश आणि खाली सातेक अंश. फक्त एलएनबीवरचा आकडा तपासा.

वाहिन्या शोधणं

स्कॅन करताना 'एफटीए' म्हणजे मोफत वाहिन्याच निवडा. याच उपग्रहावर पैसे भरून दिसणाऱ्या वाहिन्याही आहेत, 'ऑल' निवडलं तर त्या कुलूपबंद वाहिन्यांनी यादी भरते. 'नेटवर्क सर्च' असेल तर चालू ठेवा. यादीत सह्याद्री आली आणि चित्र पाच मिनिटं न तुटता चाललं की छत्रीचं काम झालं. स्कॅन होतो पण दूरदर्शनच्या वाहिन्याच येत नाहीत, असं झालं तर शेजारचा उपग्रह धरला गेला आहे. छत्री एक-दोन अंश सरकवून परत बघा.

पाणी, वीज, वानरं

एलएनबीच्या जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सुटते आणि जूनमध्ये जोडात पाणी शिरतं. वायर एलएनबीपासून थोडी खाली झुकवून मगच वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून गळून जाईल. खिडकीतून आत घेतानाही असाच झोळ ठेवा. घरात घेण्यासाठी भोक पाडलं तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं असावं.

वळवाच्या पावसात विजा फार चमकतात. खांबाला तांब्याची किंवा जीआयची तार लावून अर्थिंग करा, पण त्याने सगळं वाचतं असं समजू नका. ढग दाटून आले की बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवा. नुसता प्लग काढून भागत नाही, वायरीतून आलेला झटका बॉक्स आणि टीव्ही दोन्ही जाळतो.

वाई, महाबळेश्वरकडे वानरं छत्रीवर बसतात आणि ती वाकवतात. तिथे भिंतीच्या उभ्या अंगाला, हात पोचणार नाही अशी जागा निवडा आणि नीट लावून झाल्यावर खांब आणि क्लॅम्पवर रंगाची खूण करून ठेवा. पुढे छत्री हलली की खुणेवर परत आणता येते.

नंतर बिघडलं तर

पावसात चित्र फुटतं आणि पाऊस उघडला की येतं, हा बिघाड नाही. साध्या रिमझिमीतही जात असेल तर मात्र क्वालिटी मुळातच कमी आहे, छत्री परत मधोमध लावा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, सकाळी अकराच्या आसपास काही दिवस थोडी मिनिटं सिग्नल जातो. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे असतो. काहीही हलवू नका. उलट त्या वेळेचा फायदा घ्या: छत्रीवर झाडाची किंवा टाकीची सावली पडली असेल तर तेच तुमच्या सिग्नलच्या आड येतंय, हे डोळ्यांनी दिसतं.

एखादीच खासगी वाहिनी गायब झाली तर आधी परत स्कॅन करा, एप्रिलमध्ये तर हमखास. सगळ्या वाहिन्या एकदम गेल्या आणि स्ट्रेंग्थही शून्य असेल तर वायरचं टोक, मग एलएनबी. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी नाही, म्हणजे छत्री हलली. बॉक्स सारखा बंद-चालू होत असेल तर बहुधा अडॅप्टर गेलेला असतो, त्याच व्होल्टचा दुसरा लावून बघा. एलएनबीचं पुढचं प्लास्टिकचं टोपण तडकलं की आत ओल जाते, ती दुरुस्त करत बसू नका, बदला. आणि दिवाळीनंतर एकदा वर चढून बघाच: गांधीलमाश्यांना एलएनबीच्या दांड्याखालची जागा घर करायला आवडते, तेव्हा हात घालण्याआधी नीट पाहून घ्या.